गाणे कोठे तोडावे

सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात चारशे फुटांचे रीळ बसत असे आणि ते अकरा मिनिटांत संपत असे. विलंबित ख्यालात तेवढ्या वेळात गायक नुकता कुठे अस्थायी मांडून मोकळा झालेला असतो. त्यामुळे फिल्मच्या जमान्यात संगीतावर माहितीपट काढणाऱ्याला गाणे तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज नखाएवढ्या मेमरी कार्डावर तासन्‌तास चित्रण मावते, तरी अडचण गेलेली नाही, कारण पाऊण तासाच्या माहितीपटात तीन तासांची मैफल बसत नाही ती नाहीच. गाणे कोठे तोडायचे आणि तोडलेल्या जागी काय ठेवायचे, हा या प्रकारातला पहिला प्रश्न. गायकाचा चेहरा, जुने छायाचित्र, पडद्यावर उमटणारी तारीख, रस्त्याचा गोंगाट किंवा काहीच नाही, यांपैकी जे निवडले जाईल त्याप्रमाणे गोष्ट बदलते. चित्र, अक्षर आणि ध्वनी ही माहितीपटाची तीन साधने. त्यांची खरी परीक्षा या तोडलेल्या जागांवर होते.

जालना जिल्ह्यापुरते पाहिले तरी या प्रश्नाची किती रूपे आहेत ते ध्यानात येते. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे रामदासांचे जन्मगाव. गावोगाव भजनी मंडळे आहेत, भीमगीते गाणारी पथके आहेत, लग्नानंतर गोंधळ घालणारी घरे आहेत, पंचमीचे फेर आहेत आणि वयस्कर बायकांच्या तोंडी अजून जात्यावरच्या ओव्या आहेत. यांतल्या प्रत्येकाचे काळाचे गणित वेगळे. ख्याल आवर्तनांनी मोजला जातो, गोंधळ रात्र सरेपर्यंत चालतो, ओवी दळण संपले की थांबते. शिवाय चित्रण केव्हा करायचे याचेही कॅलेंडर असते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. हिवाळ्यात कॅमेरा घेऊन पोहोचलेल्याला वस्तीत म्हातारी माणसे आणि कुलपे भेटतात.

ओवीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिच्यात ध्वनीचा प्रश्न सर्वांत उघडा आहे. जात्याचा खुंटा दोघी मिळून धरतात, एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. ओवीची लय या फिरण्यातून येते. विजेची गिरणी गावात आल्यावर दळण गेले आणि दळणाबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्त गेले. मग माहितीपटवाले येतात आणि कोपऱ्यातले जाते पुसून मधोमध ठेवायला सांगतात. खुंटा फिरतो, पण पोटात दाणे नसतात. रिकाम्या जात्यात दगडावर दगड घासला जातो आणि कर्कश खरखर होते. ज्वारी पडली की तोच आवाज खाली उतरतो, भरीव होतो. शहरातल्या प्रेक्षकाला हा फरक कळत नाही. ज्या बाईने पंधरावीस वर्षे पहाटे दळले आहे तिला तो पहिल्या फेऱ्यातच कळतो आणि अशा खरखरीवर गाताना तिची लयही अडखळते. किलोभर ज्वारी आणून ठेवणे हा ध्वनिमुद्रणाच्या खर्चातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा खर्च असावा.

दाणे घातले की दुसरी पंचाईत होते. जात्याची घरघर खालच्या पट्टीची आणि सलग असते, तिच्यात शब्द बुडतात. म्हणून पुष्कळदा दोन मुद्रणे केली जातात. एक जात्यासकट, एक नुसत्या आवाजाचे, तोंडाजवळ माइक धरून. पुढे संकलनाच्या टेबलावर दोन्हींची सांगड घालतात. स्वच्छ मुद्रण शब्दांच्या अभ्यासाला उपयोगी पडते यात शंका नाही. पण नुसते तेच वापरले तर कष्टाशी बांधलेले गाणे स्टुडिओतल्या भावगीतासारखे ऐकू येऊ लागते. श्वास कुठे तुटला, दाणे वैरताना शब्द कसा ताणला गेला, दुसरीने ओळ कुठे उचलली, हे सगळे घरघरीतच सापडते.

महाराष्ट्रातल्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यातून उभा केला. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे. फ्रेंच संगणक-संगीतज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात या कामाला ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय सूचीची जोड दिली. प्वातवँ २००४ मध्ये वारले, राईरकर २०१० मध्ये. त्यानंतर ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने हे भांडार हाती घेतले आणि २०१७ पासून ते टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागले. त्यातले अनेक भाग म्हणजे छोटे माहितीपटच आहेत. कुठे आज पुन्हा त्याच गावात जाऊन केलेले चित्रण आहे, कुठे जुना आवाज आणि एकच छायाचित्र, खाली मराठी ओळी आणि त्यांचा अनुवाद. जालन्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज असाच ऐकायला मिळतो. चित्र हलत नाही, आवाज मात्र चालत राहतो. यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यावरून सुटून शब्दांवर जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा चेहऱ्याकडे येते. चलच्चित्र हाताशी नसणे ही उणीव, पण तिच्यातून निघालेली ही मांडणी कित्येक चकचकीत चित्रणांपेक्षा जास्त ऐकायला लावते.

शास्त्रीय संगीताच्या माहितीपटात पेच उलटा असतो. तिथे आवाजाची मुद्रणे मुबलक, चित्रण दुर्मीळ. उस्ताद अमीर खाँ १९७४ मध्ये गेले. त्यांचे गाणे आकाशवाणीच्या आणि खासगी मैफलींच्या ध्वनिफितींतून घराघरांत पोहोचले, पण ते गाताना दिसत कसे हे पुढच्या पिढ्यांना मुख्यतः एस. एन. एस. शास्त्री यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७० मध्ये केलेल्या लघुपटामुळे कळते. अतिविलंबित झुमऱ्याच्या चौदा मात्रांचे त्यांचे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चाले. एरवीच्या माहितीपटात तेवढ्या वेळात आठदहा दृश्ये बदलतात. संकलक दृश्य-बदलाच्या सवयीने गेला तर समेवर येईपर्यंत प्रेक्षक आवर्तन विसरलेला असतो. गायकाबरोबर गेला तर एकाच चेहऱ्याकडे मिनिटभर पाहायचे धाडस करावे लागते. दृश्य समेवर बदलणे हा सोपा तोडगा, आणि म्हणूनच तो पटकन कंटाळवाणा होतो. जाणते संकलक समेच्या थोडे आधी किंवा दाद उमटून गेल्यावर चित्र बदलतात.

मणी कौल यांनी ‘ध्रुपद’मध्ये (१९८२) धाडसाची वाट धरली. कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकत होते. झिया मोहिउद्दीन आणि झिया फरिदुद्दीन डागर यांच्या आलापीला त्यांनी लांबलचक, संथ सरकणारी दृश्ये दिली. जयपूरच्या जंतरमंतरसारख्या वास्तू त्यात गायकाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. घराण्याची माहिती हवी असलेल्या प्रेक्षकाची इथे निराशा होते. आलाप म्हणजे काय हे मात्र त्याच्या अंगवळणी पडते, आणि तेही कोणी न समजावता.

कॅमेरा कोणाकडे पाहतो यावरूनही इतिहास ठरतो. आप्पासाहेब जळगावकर हे मूळचे जालन्याचे. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर अशा दिग्गजांना त्यांनी हार्मोनियमची साथ केली. मैफलीच्या चित्रणात साथीदार चौकटीच्या कडेला असतो. गायकाने जागा घेतली की कॅमेरा गायकाच्या चेहऱ्याजवळ जातो आणि नेमक्या त्याच क्षणी ती जागा पेटीवर उचलणारी बोटे चौकटीबाहेर राहतात. कानाला संवाद ऐकू येतो, डोळ्याला एकट्याचे भाषण दिसते. हार्मोनियमच्या बाबतीत तर ध्वनीच्या संग्रहातही खिंडार आहे. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हे वाद्य प्रक्षेपणातून हद्दपार केले होते. म्हणजे आकाशवाणीच्या जुन्या फितींवर माहितीपट रचला, तर त्या काळच्या मैफलीत सर्रास वाजणारी पेटी त्यातून आपोआप गायब होते. संग्रहालयातला आवाज हा पुरावा खरा, पण तो कोणाच्या नियमाखाली ध्वनिमुद्रित झाला हे पडद्यावर एका ओळीत तरी सांगावे लागते.

गायक हयात नसेल तर चित्राची टंचाई आणखी जाणवते. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेल यांनी ‘हंस अकेला’ केला आणि शबनम विरमानी यांनी कबीर-प्रकल्पातल्या ‘कोई सुनता है’मध्ये (२००८) त्यांच्या गायकीचा माग घेतला. क्षयामुळे कुमारांना देवासमध्ये काही वर्षे गाता आले नाही, आणि त्याच काळात माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानात मुरत गेली. न गाण्याची वर्षे दाखवायची कशी? जुन्या छायाचित्रांवर त्यांचेच नंतरचे गाणे घातले तर तो काळ गाणारा वाटू लागतो. मुलाखतीतल्या आठवणी हा नेहमीचा मार्ग, पण आठवण सांगणारा माणूस पडद्यावर आला की गोष्ट त्याची होऊन बसते. अशा ठिकाणी एखादी घरातली खोली आणि दूरवरून येणारी बायकांच्या गाण्याची चाल, एवढ्यावर काम भागू शकते.

गोंधळाचे चित्रण करताना उजेड आणि आवाज दोन्ही आड येतात. संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी, रात्रीची वेळ. फिल्मच्या काळात हॅलोजनचे दिवे लावावे लागत आणि ते लागले की दिवटीला अर्थच उरत नसे. आताचे कॅमेरे ज्योतीच्या उजेडातही चित्र पकडतात. आवाजाचे गणित मात्र अजून जुळवावे लागते. संबळाच्या जोडीतला एक खर्जात बोलतो, दुसरा उंच आणि तडतडीत. एकच माइक मधोमध ठेवला की तुणतुणे ऐकूच येत नाही, तुणतुण्याला वेगळा माइक द्यावा लागतो. टिपरी पडलेली दिसणे आणि तिचा ठोका ऐकू येणे यांत चारपाच चौकटींचे अंतर पडले, तरी डोळ्याला ते खुपते.

त्याहून मोठी चूक संकलनात होते. गोंधळाच्या आरंभी देवदेवतांना त्यांच्या ठाण्यांसह आमंत्रण दिले जाते. ही यादी लांब असते आणि बाहेरच्या माणसाला पुनरुक्तीची वाटते, त्यामुळे कात्री प्रथम तिथे चालते. पण यजमानाचे कुलदैवत आणि गावची देवी त्याच यादीत येतात, अंबडकडे मत्स्योदरी. तुळजापूर आणि माहूर ठेवून पुढची नावे कापली, तर हा गोंधळ कोणाच्या घरचा होता हेच चित्रपटातून निघून गेले. नाईक आणि त्याचा साथीदार यांच्यातली थट्टामस्करीही अशीच वगळली जाते, कारण ती ‘गाणे’ नव्हे. आख्यानाची गोष्ट पुढे जाते ती मात्र या बोलण्यातून.

अक्षर हे तिसरे साधन, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नावाची पट्टी, गाव आणि तारीख, गाण्याच्या शब्दांचा अनुवाद, मधली निवेदनाची ओळ, शेवटची श्रेयनामावली, ही त्याची रूपे. तळपट्टी साधारणपणे दोन ओळींची आणि पाचसहा सेकंदांची असते. ओवीत पहिली ओळ घोळवून म्हटली जाते, दुसरी उशिरा येते आणि कलाटणी बहुधा दुसरीतच असते. दोन्ही ओळींचा अनुवाद एकदम पडद्यावर आला, तर अनुवाद वाचणारा प्रेक्षक गाणारीच्या आधी शेवटाला पोहोचतो. आजूबाजूच्या बायका ज्या क्षणी हसतात त्या क्षणी तो कोरडाच राहतो, कारण त्याचे हसून झालेले असते. पट्टी दोन तुकड्यांत, आवाजाच्या मागोमाग द्यावी, एवढा साधा उपाय आहे.

मराठी प्रेक्षकासाठी मराठी तळपट्टी द्यायची की नाही, हा नाजूक प्रश्न. भोकरदन-जाफराबादकडची बोली पुण्यातल्या प्रेक्षकाला दर वेळी नीट लागेलच असे नाही. पट्टी द्यावी, तर बोलीतच लिहावी. गाणारी एक म्हणते आणि खाली पुस्तकी मराठी उमटते, तेव्हा तिचे चुकले होते आणि कोणीतरी दुरुस्त केले असा भास होतो. नावांच्या पट्टीतही उच्चनीच दडलेले असते. तज्ज्ञाचे पूर्ण नाव, पदवी, संस्था, आणि गाणाऱ्यांच्या चेहऱ्याखाली नुसते ‘गावातील महिला’, हे दृश्य मराठी माहितीपटांत अजूनही दिसते. ओव्यांच्या संग्रहाने गायिका आणि गाव यांची नोंद ओवीला जोडून ठेवली, हे म्हणूनच फार मोलाचे.

तिन्ही साधने एकत्र कशी राबतात हे पाहायला मराठी मुलखातले सर्वांत भक्कम उदाहरण आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). लांबी तीन तासांहून जास्त, निर्मितीचा काळ चौदा वर्षे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी दिसले, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मरण पावले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरे हे पटवर्धनांच्या ओळखीचे होते. झोपडपट्ट्या पाडण्यावरच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटात त्यांनीच गायलेले गाणे आहे.

नव्या चित्रपटात तेच जुने चित्रण परत येते. चित्र सांगते की हा माणूस असा उभा राहून, अशा ताकदीने गात होता. अक्षर सांगते की आता तो नाही. आवाज या दोहोंत अडकून राहतो. गाण्याचा विषय झोपडीचा, पण ऐकणाऱ्याला त्यात शाहिराचा अंत ऐकू येऊ लागतो. गाण्याचा एक शब्दही बदललेला नाही. शेजारी काय ठेवले एवढ्यानेच त्याचा अर्थ बदलला. निवेदकाने करुण स्वरात काही सांगण्याची गरजच उरत नाही.

यानंतर चित्रपट गाण्यांवरूनच पुढे सरकतो. शाहीर संभाजी भगत येतात, वस्त्यांतल्या जलशांतले गायक येतात, उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच आणि शीतल साठे. हे गाणे सोहळ्याचे आहे तसे वादाचेही. मुलाखतीत एक जण काही म्हणतो आणि पुढच्या दृश्यातले गाणे त्याला उत्तर देते. श्रोत्यांचे चेहरे इथे सजावटीला घेतलेले नाहीत. भीमगीत कोण ऐकते, कोण टाळ्या वाजवते, कोणाच्या ओठांवर शब्द आहेत, हा चित्रपटाचा पुरावाच आहे. मराठी प्रेक्षकाला इथे एक फायदा मिळतो. परदेशातल्या महोत्सवात बसलेल्याचा डोळा खालच्या पट्टीवर खिळलेला असतो. मराठी माणसाचा डोळा मोकळा असल्याने तो गर्दीत फिरू शकतो. दोघांनी एकच चित्रपट पाहिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मराठवाड्यात नामांतराच्या लढ्यापासून हा शाहिरीचा प्रवाह गावागावांत पोहोचलेला असल्याने जालना-परभणीच्या प्रेक्षकाला तर चालीही ओळखीच्या वाटतात. चित्रपट पुरा होत आला तेव्हा कला मंचाचे काही कलाकार भूमिगत झाले होते. चौदा वर्षे ज्या जगामागे कॅमेरा फिरला त्याने चित्रपटाला सोयीचा शेवट दिला नाही आणि दिग्दर्शकानेही तो रचला नाही.

लावणीच्या बाबतीत पेच नजरेचा. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांच्या ‘नटले तुमच्यासाठी’ने संगीत बारीतल्या कलावंतिणींना बोलते केले. फडावरची लावणी हजारांसाठी, बैठकीची लावणी समोरच्या मोजक्या रसिकांसाठी. तिथे अदा एका माणसाकडे रोखलेली असते. कॅमेरा त्या माणसाच्या जागी ठेवला की प्रेक्षक गिऱ्हाईक होतो, कडेला ठेवला की साक्षीदार. त्याच बाईची मुलाखत आधी दाखवली की मग तीच अदा कसब म्हणून दिसते. क्रम बदलून पाहिला, तर फरक लगेच कळतो.

गेल्या दहाबारा वर्षांत हे सगळे काम मोबाइलने आपल्या हाती घेतले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात त्या भीमगीतांचे साधे मोबाइलचित्रण लाखो लोकांनी पाहिले. उभी चौकट, स्थिर हात, एक माइक, आणि गाणे मुळीच तोडलेले नाही. इथे संकलकच नाही. पण संदर्भही नाही. कोणत्या प्रसंगी, कोणासमोर, गाण्याचा कर्ता कोण, हे चित्रणात नसते. शीर्षकात असले तर पुढे पाठवताना गळते. मंठ्याच्या किंवा परतूरच्या एखाद्या लग्नातला गोंधळ असाच शेकडो फोनवर असतो आणि वर्षभरात फोन बदलला की पुसला जातो.

माहितीपटवाल्याकडे जे वापरून उरते त्याचीही हीच गत होते. एका तासाच्या चित्रपटासाठी वीसतीस तासांचे चित्रण झालेले असते आणि गाणी अखंड असतात ती त्याच उरलेल्या भागात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या आणि आता गुरुग्राममध्ये असलेल्या संगीत-मानववंशशास्त्राच्या संग्रहालयासारख्या संस्था अशी मुद्रणे जपतात, मात्र सोबत नोंद मागतात: गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, प्रसंग, वाद्ये आणि वापराची परवानगी. ओव्यांची १९९० च्या दशकातली मुद्रणे वीसेक वर्षांनी पुन्हा उघडता आली आणि ‘पारी’चा गट त्यांतल्या काही गायिकांपर्यंत, त्या हयात नसल्या तर त्यांच्या मुलासुनांपर्यंत पोहोचू शकला, तो अशा नोंदी केलेल्या असल्यामुळेच.